चोवीसशे वेढे

बेलापुरात कुणाच्या पंपाची मोटार जळाली की ती आसाराम त्रिभुवनच्या दुकानात यायची. बाजारतळाच्या कडेला, पिठाच्या गिरणीला चिकटून त्याचं पत्र्याचं दुकान होतं. आसाराम सातवी शिकलेला. साखर कारखान्यात सहा हंगाम काढताना एका म्हाताऱ्या वाइंडरच्या हाताखाली तो तार गुंडाळायला शिकला आणि मग त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. बायको छबूबाई त्याच्याबरोबर काम करायची. वाइंडिंगच्या हातयंत्राचा दांडा ती फिरवायची, तार तो धरायचा. यंत्रावरचा काउंटर कधीच मोडला होता. शंभर वेढे झाले की छबूबाई एक चिंचोका ताटलीत टाकायची. पाच वर्षांत तिचं मोजणं एकदाही चुकलं नव्हतं.

बहात्तर साली पाऊस झालाच नाही. विहिरी तळाला गेल्या, पंप थांबले, आणि ज्या चालतच नाहीत त्या मोटारी जळणार कशा? दुकानात दिवसचे दिवस कुणी फिरकेना. छबूबाई अधूनमधून दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. अशात त्र्याहत्तरच्या जानेवारीत राधाकृष्ण मुळे दुकानासमोर सायकल लावून आत आले.

मुळेसर श्रीरामपूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि राहायला बेलापुरातच होते, नदीच्या अंगाला. वय पंचावन्नच्या आसपास. अंगानं सडपातळ, बोलणं जरा मोठ्यानं, आणि समोरचा बोलत असला की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची सवय. त्यांच्या हातात एक इंग्रजी मासिक होतं.

"आसाराम, एक ट्रान्सफॉर्मर करायचाय. लाउडस्पीकरसाठी."

"लाउडस्पीकरला कशाला ट्रान्सफॉर्मर, सर? भोंगा न्हाई का?"

"हा भोंग्याचा नाही. बघ."

सरांनी दुकानातल्या फळीवर कागद पसरून चित्र काढलं. बारीक भोकांच्या दोन जाळ्या समोरासमोर उभ्या करायच्या. मध्ये अगदी पातळ प्लॅस्टिकचा पडदा ताणून बसवायचा. पडद्यावर पेन्सिलीतल्या शिशाची पूड चोळायची आणि त्याला अडीच हजार व्होल्ट द्यायचे. मग दोन्ही जाळ्यांना गाण्याचा वीजप्रवाह दिला की पडदा कधी या जाळीकडे, कधी त्या जाळीकडे ओढला जातो आणि हवा हलते. ना लोहचुंबक, ना कागदाचा कोन.

"पण ॲम्प्लिफायरमधून निघतात सोळा-सतरा व्होल्ट," सर म्हणाले. "त्यांनी हा पडदा हलत नाही. निदान हजार पाहिजेत. म्हणून ट्रान्सफॉर्मर. एका बाजूला चाळीस वेढे, दुसऱ्या बाजूला चोवीसशे. एकाचे साठ."

आसारामला चित्र पुरतं कळलं नाही, पण वेढे कळले. रिकामे बसून हात आंबले होते. त्यानं तिथंच होकार दिला.

ट्रान्सफॉर्मर करायला त्याला आणि छबूबाईला तीन दिवस लागले. केसासारखी तार, प्रत्येक थरावर तीन पदरी कागद, वरून वॉर्निश. ताटलीत चोवीस चिंचोके झाले तेव्हा तार गुंडाळायचं बॉबिन काठोकाठ भरलेलं होतं. जाळ्या सरांनी कारखान्यातून मिळवल्या होत्या. तिथले इंजिनिअर आबासाहेब वाबळे सरांचे जुने मित्र. साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या यंत्रातल्या पितळी जाळ्या भंगारात पडल्या होत्या, त्या त्यांनी देऊन टाकल्या. पडद्याचं प्लॅस्टिक मुंबईहून पोस्टानं आलं होतं, पतंगाच्या कागदाहून पातळ.

जोडणीच्या दिवशी सरांनी आसारामला घरी बोलावलं. सरांच्या पत्नी सुमनबाई यांनी चहा आणला. सरांना ज्या कपात दिला तसल्याच कपात आसारामला दिला. आसारामनं ते पाहिलं आणि चहा प्यायला.

सरांनी सारंगीची तबकडी लावली. जाळ्या आणि पडदा बसवलेली पुरुषभर उंचीची ती चौकट भिंतीजवळ नुसती उभी होती आणि तिच्यातून सारंगी वाजायला लागली, तसा आसाराम खुर्चीतून अर्धा उठला. वाजवणारा माणूस खोलीतच बसला असावा असं वाटत होतं. गजाची घासणी ऐकू येत होती. मध्येच त्या माणसानं नाकातून श्वास घेतला, तोही ऐकू आला.

"सर, ह्ये काय इपरीतच हाय!"

स्वयंपाकघरातून सुमनबाईंचा आवाज आला, "अहो, जरा हळू करा. शेजारी जोशीकाकू झोपल्यात."

सर मात्र कपाळाला आठ्या घालून चौकटीला कान लावून उभे होते. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "बारीक येतंय. सूर आहेत, पण भरत नाहीत."

आसारामला नवल वाटलं. त्याच्या छातीत तर सारंगी भरून राहिली होती. पण सर शिकलेले, त्यांना जास्त कळत असणार, असं त्यानं मानलं.

मार्चच्या सुरुवातीला सर पुन्हा दुकानात आले. कॉलेजात विज्ञान प्रदर्शन भरणार होतं, पुण्याहून विद्यापीठाची माणसं येणार होती, आणि सरांचा लाउडस्पीकर मधल्या दालनात ठेवायचं ठरलं होतं.

"नवा ट्रान्सफॉर्मर पाहिजे," सर म्हणाले. "साठाचे शंभर कर. चाळीस वेढे तसेच, दुसरीकडे चार हजार."

आसारामनं जुन्या बॉबिनचं माप डोळ्यासमोर आणलं. "बसायचं न्हाई, सर. मधली जागा भरंल."

"तार आणखी बारीक घे."

"घेतली तरी थरातला कागद काढावा लागंल. तीन पदराच्या जागी एकच ऱ्हाईल. व्होल्ट वाढवायचं आन कागद कमी करायचा, म्हंजे आतल्या आत फुटंल त्ये. तुमी मोठ्या मापाचं लोखंडी स्टॅम्पिंग मागवा मुंबईवरनं, म्हंजे बॉबिन बी मोठं बसंल. मी चार काय, पाच हजार घालून देतो."

"त्याला महिना लागेल. प्रदर्शन अकरा दिवसांवर आलंय."

"मग साठावरच ऱ्हाऊ द्या की. झ्याक वाजतंय."

सरांचा चेहरा एकदम ताठ झाला. "तुला झ्याक वाटतंय. मी इतक्या मोठ्या दालनात ते लावणार आहे. शंभर केले की ॲम्प्लिफायरवर पावणेतीनपट भार येईल, तोही मी धरलाय. सगळं मांडून बघितलंय." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे बघ, गणित माझं, वेढे तुझे. तुला जमत नसेल तर नगरला एक जण आहे. दोन दिवसांत करून देतो म्हणालाय."

नगरचा तो माणूस आसारामला माहीत होता. त्याच्या हातच्या दोन मोटारी त्यानं उघडल्या होत्या आणि दोन्हींत तारेच्या थरांमध्ये वर्तमानपत्राचा कागद निघाला होता. तसला ट्रान्सफॉर्मर सरांच्या घरात गेला तर काय होईल हे त्याला दिसत होतं. पण खरं सांगायचं तर सरांचं ते 'वेढे तुझे' त्याला जास्त लागलं होतं.

"करतो," तो म्हणाला.

दोन दिवसांनी सकाळी छबूबाई यंत्राशी बसली. तिनं ताटलीशेजारी चाळीस चिंचोके मोजून ठेवले. तार जुनीच होती आणि कागद जुनाच, तीन पदरी, हे तिनं पाहिलं. चोविसावा चिंचोका ताटलीत पडला तसा आसारामनं हात वर केला.

"थांब."

"आजून सोळा हायती."

"ऱ्हाऊ दे. एवढंच घालायचं."

छबूबाईनं दांडा सोडला. "सरांनी चार हजार सांगितलं हुतं ना?"

"सांगितलं हुतं. पर फुटंल त्ये. त्येंच्या घरात आग लागंल न्हाईतर कायतरी हुईल. ह्यो बी चांगला चालंल, त्येंला काय कळनार हाय?"

"अवं, मग तसं सांगा त्येंला. चोवीसशेच घातलं म्हनावं, का घातलं त्ये बी सांगा."

"सांगितलं तर नगरला जात्याल."

"जाऊ द्या. आपलं खरं तर ऱ्हाईल."

आसारामनं बॉबिनवर कागद गुंडाळला, वॉर्निश दिलं, दोन दिवस उन्हात वाळवलं. वर चिठ्ठी चिकटवली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: ४० : ४०००. छबूबाईला वाचता येत नव्हतं, पण आकडे ओळखू येत होते. चिठ्ठीकडे एकदा बघून ती त्या दिवशी कामावर निघून गेली.

ट्रान्सफॉर्मर घेऊन तो सरांकडे गेला तेव्हा तिथं आबासाहेब बसलेले होते. स्थूल, हसतमुख माणूस. त्यांनी ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन उलटासुलटा केला.

"जुन्याएवढाच दिसतोय की. राधाकृष्ण, मीटर लावून वेढ्यांचा रेशो बघू या का?"

सरांनी आबासाहेबांकडे नीट बघत त्यांचं बोलणं समजून घेतलं आणि हसले.

"आसारामनं मोजलेलं मी परत मोजत नाही. सबंध तालुक्यात असा हात नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. आसारामला ते तेव्हाही कळत होतं. पण आबासाहेब समोर होते, सरांनी नुकतीच तारीफ केली होती, आणि चिठ्ठीवरचा आकडा त्याच्याच अक्षरातला होता. तो नुसता मान खाली घालून उभा राहिला.

नवा ट्रान्सफॉर्मर जोडून सरांनी तबकडी लावली. आवाज अर्थातच जेवढा होता तेवढाच. सरांनी बटण फिरवलं, पुढं झाले, मागं झाले, डोकं एका बाजूला कलतं करून ऐकलं. मग वही काढून भराभर आकडे मांडले.

"पावणेदोनपट व्होल्ट वाढले आणि काहीच फरक नाही? असं होत नाही."

"थोडा वाढलाय," आबासाहेब म्हणाले. त्यांना बहुधा मित्राला बरं वाटावं म्हणून तसं वाटलं असावं.

सरांनी मान हलवली. "नाही वाढला."

आसाराम घरी आला तेव्हा त्याला वाटत होतं, आता चार दिवस खटपट करतील आणि सोडून देतील. प्रदर्शन एकदा पार पडलं की मोठं स्टॅम्पिंग मागवून खरोखरचे चार हजार वेढे घालून देऊ, तेही फुकट. मनातल्या मनात त्यानं ते अगदी पक्कं केलं. तरी त्याचं जेवणात लक्ष लागेना. छबूबाईनं विचारलं नाही, आणि तिनं विचारलं नाही याचाच त्याला जास्त त्रास झाला.

प्रदर्शनाच्या आधीच्या शनिवारी दुपारी सरांचा निरोप आला, चौकट टेम्पोत चढवायला हात लावायला ये. आसाराम गेला. दारातच त्याला वेगळा वास आला, मोटारीचे कार्बन ब्रश ठिणग्या टाकायला लागले की येतो तसा. आत चौकटीतून सापासारखा बारीक फुसफुस आवाज येत होता. आबासाहेब खुर्चीत बसले होते. सर स्टुलावर होते आणि चौकटीच्या मागं, जमिनीवर, पत्र्याच्या मोठाल्या डब्यांची एक रांग उभी होती.

"ये, ये," सर म्हणाले. त्यांचे डोळे जागरणानं लाल झाले होते. "सापडलं मला. ट्रान्सफॉर्मर शंभराचा करूनही आवाज वाढत नाही याचा अर्थ काय? जाळ्यांना व्होल्ट भरपूर मिळतात, कमी पडतो तो पडदा. म्हणून पडद्याचा दाब वाढवला. अडीच हजाराचे साडेचार हजार केले. वीज साठवायला हे कंडेन्सर नगरच्या भंगारबाजारातून आणले, लष्कराच्या वायरलेसमधले."

आसारामनं त्या डब्यांकडे पाहिलं. सरांचं गणित बरोबर होतं. त्यातला फक्त एक आकडा खोटा होता आणि तो त्यानं दिला होता. वर आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. गावातले सगळे पंप बंद असल्यामुळं दुपारी लाइनचा दाब दोनशेतीसच्या जागी दोनशेसाठच्या वर चढत होता. म्हणजे सरांनी मांडलेले साडेचार हजारसुद्धा प्रत्यक्षात जास्तच असणार.

"सर, ह्ये बंद करा आधी," तो म्हणाला.

"काय?"

"बंद करा म्हनतो. लई झालं ह्ये."

चौकटीत कुठंतरी चटकन ठिणगी उडाली आणि फुसफुस थांबली. सरांनी बटण बंद केलं. "पडद्याला भोक पडलं की काय? बघू दे."

"सर, मला येक सांगायचं हुतं…"

आबासाहेब त्याच्याकडे बघायला लागले. आसाराम त्यांच्याकडे बघून थांबला. सरांना त्याचं बोलणं ऐकूच गेलं नव्हतं. त्यांची पाठ होती. जुन्या जोडणीत बटण बंद केल्यावर कंडेन्सरमधली वीज अर्ध्या मिनिटात आपोआप उतरून जायची, तशी सोय सरांनी केली होती. नव्या डब्यांना ती सोय घाईत राहून गेली होती. सर सवयीनं अर्धं मिनिट थांबले. आसारामजवळ तेवढं अर्धं मिनिट होतं. सरांनी उजवा हात चौकटीच्या मागं घातला.

काठी मोडावी तसा आवाज झाला. सर स्टुलासकट मागं फेकले गेले आणि त्यांचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं.

सुमनबाई धावत आल्या. सरांच्या तर्जनीवर काळा डाग पडला होता आणि कानामागून रक्त येत होतं. श्वास चालू होता, पण हाका मारून काही उपयोग नव्हता. आबासाहेबांनी कारखान्याची जीप मागवली. आसारामनं सरांना उचलून जीपमध्ये निजवलं आणि श्रीरामपूरपर्यंत त्यांचं डोकं मांडीवर धरून बसला. सुमनबाई पुढं बसल्या होत्या. रस्ताभर त्या एकदाही मागं वळल्या नाहीत.

सर दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. डॉक्टरांनी सांगितलं, जिवाला धोका नाही. उजव्या हाताची तीन बोटं मात्र बधिर झाली होती, ती सुधारतील की नाही हे तेव्हा सांगता येत नव्हतं. प्रदर्शन त्यांच्याविनाच पार पडलं. गावात आबासाहेब भेटेल त्याला सांगत होते, "कुणाचा काही दोष नाही. त्यानं स्वतःच दाब वाढवला. मी समोर होतो ना." लोकांनी ते मानलं. आसारामकडे बोट दाखवणारं एकही माणूस नव्हतं, आणि तो दुकान उघडून आत नुसता बसून राहायचा. आलेल्या एका मोटारीचं कव्हर काढून ठेवलं होतं, त्याला तीन दिवस हात लावला नाही.

चौथ्या दिवशी छबूबाई कामावर गेली नाही. दुकानात येऊन समोर बसली.

"मी बी त्यात हाय," ती म्हणाली. "मी मोजायचं थांबले. तुमी न्हाई गेला तर मी जाते सांगायला."

आसाराम उठला आणि श्रीरामपूरची एसटी धरली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सुमनबाई बसल्या होत्या. त्यांनी त्याला शेजारी बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, "तुला एक सांगते, आसाराम. आता लपवून तरी काय करायचं. यांचे कान दोन वर्षांपासून जातायत. पुण्याला दाखवलं होतं. वरचे सूर आधी जातात, मग हळूहळू सगळंच, असं डॉक्टर म्हणाले. यांनी कॉलेजात कळू दिलं नाही. पोरांच्या तोंडाकडे बघून काय ते ओळखायचे. तो स्पीकर बारीक वाजत नव्हता रे. मला स्वयंपाकघरात लख्ख ऐकू यायचा. पण मी यांना कसं सांगणार होते?"

सर आवाजासाठी हावरे झालेत, असंच आसाराम इतके दिवस समजत होता.

"आणि आता डोक्याच्या मारानं आणखी कमी झालंय," सुमनबाई म्हणाल्या. "जाऊन भेट. पण मोठ्यानं बोलावं लागेल."

वॉर्डात दहा-बारा खाटा होत्या. सर उशीला टेकून बसले होते, हात पट्टीत. आसारामला बघून ते हसले. आसाराम खाटेजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, मी चार हजार वेढे घातले न्हाईत."

"काय?"

"वेढे, सर. चार हजार न्हाई घातले."

"मोठ्यानं बोल. मला कळत नाहीय."

आसारामनं आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा, त्याला पेज भरवणारी त्याची सून, दारातली नर्स. त्यानं छातीत हवा भरली आणि ओरडून सांगितलं, "चोवीसशेच घातले! चिठ्ठी खोटी लिवली मी! तुमाला सांगितलं न्हाई!"

सुनेचा चमचा म्हाताऱ्याच्या तोंडाशी थांबला. सर आसारामकडे बघत राहिले. आता त्यांना कळलं होतं.

"म्हणजे साठच होते," ते म्हणाले.

आसारामनं मान हलवली.

"आणि मी पडद्याचा दोष धरून बसलो." सर उशीवरून पुढं सरकले. "मीटर घरात होता. पाच मिनिटांचं काम. तू मोजलंयस म्हणून मी मोजलं नाही. तू मला सांगायचं होतंस."

"सांगितलं हुतं, सर!" आसाराम पुन्हा ओरडला, आणि ओरडावं लागतंय याचीच त्याला लाज वाटली. "बसायचं न्हाई म्हनून सांगितलं हुतं. तुमी आयकलं न्हाई."

सरांनी डोळे मिटले. "हो. सांगितलं होतंस." मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "चार हजार घातले असतेस तर फुटला असता? खरं सांग."

आसारामनं विचार केला. "मला म्हाईत न्हाई, सर. मला तसं वाटलं."

सरांनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी डावा हात किंचित वर केला, जा म्हणून. आसाराम बाहेर पडला तेव्हा वॉर्डातली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती.

त्यानंतर दोन महिने सरांकडून काही कळलं नाही. आसारामचं बोलणं दवाखान्यातून गावात यायला दोन दिवससुद्धा लागले नव्हते. आबासाहेबांनी कारखान्याच्या मोटारी त्याच्याकडे पाठवणं बंद केलं. बाजारात दोघा-तिघांनी तोंडावर विचारलं, आमच्या मोटारीत किती वेढे घातलेस रे? आसारामनं भांडण केलं नाही. ज्यानं विचारलं त्याला तो म्हणायचा, घेऊन या, तुमच्यासमोर उघडतो, मोजून घ्या. एक जण खरंच घेऊन आला. छबूबाईनं त्याच्यासमोर एकेक वेढा सोडवून मोजला आणि पुन्हा भरून दिला. वेढे बरोबर निघाले. माणूस मात्र ओशाळला नाही, नुसती मोटार उचलून गेला.

मे महिन्यात सुमनबाईंचा निरोप आला. सरांनी कॉलेज सोडलं होतं. खडू धरता येत नव्हता आणि पोरांचे प्रश्न ऐकू येत नव्हते. दोघं नाशिकला मुलीकडे जाणार होते. जायच्या आधी ती चौकट मोडायची होती, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातून मोडायची नाही असं सरांनी सांगितलं होतं.

आसाराम सकाळी गेला. घरात ट्रंका बांधून ठेवलेल्या होत्या. सर आणखी वाळले होते. त्यांनी नमस्कार घेतला, पण हसले नाहीत. भंगारातले कंडेन्सर आधीच काढून टाकलेले होते आणि पहिली, अडीच हजाराची जोडणी पुन्हा करून ठेवलेली होती.

"मोडायच्या आधी एकदा लाव," सर म्हणाले.

आसारामनं प्रत्येक जोड तपासला. मग जरा दूर उभं राहून बटण दाबलं. सुमनबाईंनी सारंगीची तबकडी ठेवली. सरांनी खुर्ची पुढं ओढली आणि चौकटीपासून हातभर अंतरावर बसले. सारंगी सुरू झाली, खोली भरून गेली. सर वाट बघत होते.

"लावलंस?" त्यांनी विचारलं.

सुमनबाई झटकन आत निघून गेल्या.

आसाराम सरांच्या समोर येऊन उकिडवा बसला, त्यांना त्याचं तोंड दिसेल असा. "लावलंय, सर. वाजतंय."

"कसं वाजतंय? मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

आसारामनं कान देऊन ऐकलं. मग एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं सांगायला लागला. "डाव्या अंगाला पडद्याला भोक पडलंय. तिथं खरखर येतीय. खालचा सूर लागला की पडदा फडफडतोय. वरचं सूर साफ हायती. वाजवनारा आता थांबलाय… पुन्यांदा लागला. गज लांब ओढतोय."

"आवाज पुरेसा आहे का?"

"मला हाय, सर," आसाराम म्हणाला. "तुमाला न्हाई."

सरांनी मान डोलावली. डाव्या हातानं त्यांनी आसारामला खूण केली, सांगत राहा. आसाराम सांगत राहिला. कधी सूर चढतोय, कधी उतरतोय, कुठं वाजवणाऱ्यानं श्वास घेतला, तेवढंच त्याला सांगता येत होतं, रागाचं नाव त्याला माहीत नव्हतं. सर त्याच्या ओठांवरची नजर न काढता बसून होते. तबकडी संपली हेही त्यालाच सांगावं लागलं.